अठ्ठावीस अंश, चाळीस मिनिटं

डॉक्टर कुमुद गावंडे यांनी मला नापास केलं. आयर्लंडच्या कॉर्क शहरातल्या निम्म्या मराठी घरांना त्यांनी समुद्राखाली जाताना अंगात घालायचा वेटसूट उसना दिला. एका सॉफ्टवेअरवाल्याला धड पोहताही येत नव्हतं, तोंडात नळी धरून फक्त वर तरंगायचं होतं, त्यालाही दिला. मला दिला नाही. हे मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही. पण त्यांच्याबद्दल काही सांगायला गेलो की राग जरा मागे सरतो आणि पुढे येतं ते त्यांचं न्हाणीघर.

कॉर्कच्या बिशपस्टाउन भागात, हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर, त्यांचं छोटं दुमजली घर होतं. वर तीन खोल्या. एका खोलीत त्या झोपत, दुसरीत पुस्तकं आणि तिसरीत वेटसूट. कोटाच्या जाड लाकडी हँगरवर, खांद्यांखाली जुने टॉवेल घालून, वीस-पंचवीस सूट टांगलेले असायचे. खोलीत शिरलं की रबराचा वास यायचा आणि अंधुक उजेडात वाटायचं, ही सगळी माणसं रांगेत उभी राहून आपलीच वाट बघतायत.

डॉक्टर अकोल्याच्या. ऐंशीच्या दशकात एक सूटकेस घेऊन आयर्लंडला आल्या, भूलतज्ज्ञ म्हणून सरकारी हॉस्पिटलात लागल्या आणि तिथेच राहिल्या. लग्न केलं नाही. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, केस पोरासारखे कापलेले. गळ्यात दोन दोऱ्या, एका दोरीला चष्मा आणि दुसरीला स्टॉपवॉच. ते स्टॉपवॉच त्यांनी गळ्यातून काढलेलं मी एकदाच बघितलं. चहा त्याच्यावर, अंडी त्याच्यावर, पाहुणा किती वेळ बसला तेही त्याच्यावर.

पोहायला त्या शेहेचाळिसाव्या वर्षी शिकल्या. तेही लहान मुलांच्या वर्गात, हाताला नारिंगी फुगे बांधून. मी एकदा विचारलं, "या वयात कशाला?"

"काऊन नाही?" त्या म्हणाल्या. "अकोल्यात उन्हाळ्यात एका बादलीत घरातल्या चौघांच्या आंघोळी. इथं जिकडे बघावं तिकडे पाणी आणि मी काठावर उभी. मला अपमान वाटला बाप्पा."

पोहण्यातून त्या समुद्राखालच्या बुडीकडे वळल्या. दरवर्षी सुटी काढून कुठल्यातरी उबदार समुद्रात जायच्या आणि दरवर्षी तिथला भाड्याचा सूट घालून कुडकुडत परत यायच्या. कारण भाड्याच्या दुकानात सूट निवडायची एकच पद्धत असते: माणसाकडे बघायचं आणि 'मीडियम' म्हणायचं. मग त्यांनी वापरलेले चांगले सूट जमवायला सुरुवात केली. आधी स्वतःसाठी, मग ओळखीतल्यांसाठी. डिसेंबरात आमची मंडळी भारतात जायला निघाली की कुणी अंदमान जोडून घ्यायचं, कुणी लक्षद्वीप, कुणी मालदीव. तिकिटं काढून झाली की लोक डॉक्टरांकडे यायचे. सूट फुकट मिळायचा. पण आवडला म्हणून उचलला असं तिथं चालायचं नाही. आधी परीक्षा.

परीक्षा अशी. न्हाणीघरातल्या टबात अठ्ठावीस अंशांचं पाणी. त्यात बाळांच्या आंघोळीचा, पिवळ्या बदकाच्या आकाराचा थर्मामीटर तरंगत असायचा. तो बरोबर दाखवतो की नाही हे डॉक्टरांनी हॉस्पिटलातल्या थर्मामीटरशी ताडून बघितलं होतं. उमेदवारानं पोहण्याचे कपडे घालून गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं. चाळीस मिनिटं. हालचाल करायची नाही. डॉक्टर शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर, हातात गरम पाण्याचा जग. बदक सत्तावीसकडे झुकलं की त्या एक धार सोडायच्या.

"अठ्ठावीसच का?" असं प्रत्येक जण विचारायचा.

"तुम्ही जिथं चालले तिथं पाणी एवढंच असते. माहितीपत्रकात त्याला कोमट म्हणतात. बसा आणि सांगा कोमट म्हणजे काय."

"आणि हलायचं का नाही?"

"खाली कोणी पोहत नाही. तरंगत, बघत जातात. उकडायला तिथं कोणी दळण दळत नाही."

खरंच सांगतो, पहिली दहा मिनिटं माणूस हसत असतो. हवा अठ्ठावीस अंशांची असेल तर आपण पंखा लावतो. पाणी मात्र अंगातली ऊब गुपचूप काढून नेतं, आणि ती गेल्याचं वीस-पंचवीस मिनिटांनी कळतं. दर दहा मिनिटांनी डॉक्टर विचारायच्या, "थंडी वाजते?" उत्तरं तीनच चालायची: वाजते, नाही वाजत, माहीत नाही. 'ग्रँड', म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम ठीक', म्हणायला बंदी होती. "या देशात माणूस जिन्यावरून पडून पाय मोडला तरी 'आयॅम ग्रँड' म्हणतो," त्या म्हणायच्या. "तीस वर्षं होत आली ऐकते आहे. ग्रँड म्हणजे काहीच न सांगणं. 'माहीत नाही'ला मी मार्क देते, ग्रँडला नाही."

एक भोसले म्हणून आमच्या रिंगास्किडी बंदरावरच्या औषध कारखान्यातले इंजिनिअर होते, वजनदार गृहस्थ. ते चाळीस मिनिटं टबात बसून नाट्यगीतं म्हणत राहिले आणि शेवटी विचारलं, "अजून बसू का?" त्यांना पातळ, अर्ध्या बाह्यांचा सूट मिळाला. "तुमचा सूट तुमच्या आईनं शिवून पाठवला आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्याच आठवड्यात युनिव्हर्सिटीत शिकणारी पुण्याची एक काटकुळी मुलगी आली. बाराव्या मिनिटाला तिनं हात वर केला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "वाजते." तिला पाच मिलीमीटर जाडीचा, मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा सूट मिळाला, वर कानटोपीही.

"म्हणजे मी नापास ना?" तिनं विचारलं.

"वेडी आहे का? तू पहिली आली," डॉक्टर म्हणाल्या.

मग सूट चढवण्याचा कार्यक्रम. पायाला सुपरमार्केटची प्लास्टिकची पिशवी बांधायची, म्हणजे रबर अडकत नाही. डॉक्टर गुडघे टेकून ओढायच्या, उमेदवार भिंत धरून उभा. चढला की त्या गळ्याशी दोन बोटं घालून बघायच्या, काखेत चिमटा घ्यायच्या आणि शेवटी कमरेच्या मागच्या खळगीत तळहात ठेवायच्या. तिथं सूट फुगत असेल तर काढायला लावायच्या. "सूट पाणी अडवत नाही, हे ध्यानात ठेवा. थोडं पाणी आत येते, तुमचं अंग ते तापवते आणि तुम्ही त्याच्यावर निभावता. सैल असला की तापवलेलं पाणी निघून जाते, नवं गार येते. मग काय, बसा आयुष्यभर समुद्र तापवत."

आणि एक प्रश्न त्या प्रत्येकाला विचारायच्या, तोही टबात नाही तर दारातच, चपला काढता काढता. "तुमच्या घरात थंडी वाजते असं आधी कोण म्हणते?"

हा प्रश्न त्यांनी मलाही विचारला होता. तो प्रसंग सांगायचा तर आधी वैशालीबद्दल सांगायला हवं.

वैशाली माझी बायको. मी रिंगास्किडीला पाइप फिटर म्हणून आलो. पुढे नोकरी सोडून औषध कारखान्यांना अंगरखे, हातमोजे, बुटांवरची आवरणं पुरवायचा धंदा काढला. एका पैशाचं पाठबळ नव्हतं. जे केलं ते घासाघीस करून आणि आवाज चढवून केलं. मंदी आली तेव्हा माझ्याबरोबरचे चार पुरवठादार बुडाले, मी तरलो. वैशाली एका वृद्धाश्रमात काम करायची. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि या वीस वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हे लोकांना अभिमानानं सांगायचो. डॉक्टरांनी तिला दर मंगळवारी पोहायला न्यायला सुरुवात केली, मग तलावातल्या तलावात पाठीवर टाकी लावून श्वास घ्यायला शिकवलं. आणि एका मंगळवारी ती घरी येऊन म्हणाली, "मला एकदा समुद्राखाली जायचंय. कासव बघायचंय."

मी हो म्हणालो. मीही तलावात शिकलो. अंदमान ठरलं, म्हणजे सेल्युलर जेलही बघून होईल. सूट फुकट मिळतो हे माहीत होतं, पण फुकटाचं मला कधी रुचलं नाही. गॉलवेला मालाच्या कामानं गेलो असताना खेळाच्या सामानाचं एक दुकान बंद होत होतं. तिथं पाऊण तास भांडून मी एकाच्या भावात दोन वेटसूट आणले. अर्ध्या बाह्या, अर्धे पाय. ते घेऊन थेट डॉक्टरांकडे गेलो, दाखवायला.

त्यांनी एक उचलला, कापड दोन बोटांत दाबलं आणि सोडलं. दाबलेली खूण तशीच राहिली.

"कदम, हा सूट नाही," त्या म्हणाल्या. "सूटची आठवण आहे."

"म्हणजे?"

"भाड्यानं देऊन देऊन चेपला आहे. यातल्या रबराच्या बारीक फुग्यांत हवा राहिली नाही, आणि ऊब त्या हवेची असते. खाली गेल्यावर पाण्याच्या दाबानं चांगला सूटही पातळ होते. हा तर टेबलावरच पातळ आहे."

मी तापलो. म्हटलं, "डॉक्टर, माणसाच्या अंगावर काय चढवायचं हा माझा धंदा आहे. मला शिकवू नका."

"तुमचे कपडे औषधाला माणसापासून वाचवतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला माणसाला पाण्यापासून वाचवायचं आहे. बरं, एक सांगा. तुमच्या घरात थंडी वाजते असं आधी कोण म्हणते?"

"कुणीच नाही," मी म्हणालो.

"म्हणजे सगळ्यांना वाजते," डॉक्टर म्हणाल्या आणि टब भरायला गेल्या.

ते डिसेंबरचे दिवस होते आणि साल दोन हजार दहा. त्या वर्षी बर्फ असा पडला की घराघरांतले नळ गोठले. आमच्या घरात हीटिंगचा खटका मी सोळा अंशांवर ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली होती. लावायचं कारण उघड होतं. मंदी होती.

आधी वैशालीची परीक्षा झाली. मी जिन्यावर बसलो होतो, न्हाणीघराचं दार अर्धवट लोटलेलं.

दहाव्या मिनिटाला डॉक्टरांचा आवाज आला, "थंडी वाजते?"

"ग्रँड आहे."

"तो शब्द इथं चालत नाही."

"नाही वाजत."

विसाव्या मिनिटाला पुन्हा विचारलं. वैशाली म्हणाली, "माहीत नाही." मग बराच वेळ फक्त जगमधून पाणी सोडल्याचा आवाज. चोविसाव्या मिनिटाच्या सुमाराला, कुणी विचारलेलं नसताना, ती म्हणाली, "डॉक्टर, वाजते."

"शाबास. ऊठ."

"डॉक्टर, मला घरी पण वाजते."

टबातून कुणी उठल्याचा, टॉवेल झटकल्याचा आवाज आला. मी जिन्यावर बसून ऐकलं. घरातली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून माझ्या डोक्यात तिडीक गेली, आणि तिथून उठून कुठं जावं ते कळेना.

मग माझी पाळी. मला नापास व्हायचं नव्हतं. मी पंचगंगेच्या काठचा, थंडीत पहाटे नदीत उड्या मारलेला. पाण्यात उतरण्याआधी अंगाला तेल चोळलं की गारठा आत शिरत नाही, हे आमच्याकडे तालमीतला पोरगाही सांगेल. म्हणून निघतानाच मी घरी खोबरेल तेल कोमट करून, त्यात ओवा टाकून, मानेपासून पायापर्यंत चोळलं होतं. टबात बसलो आणि पाण्यावर तवंग आला. बदक तेलकट झालं. सगळ्या न्हाणीघरात ओव्याचा वास.

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवून पाण्याकडे बघितलं. "कुस्ती कोणासोबत आहे?"

"तेलानं थंडी अडते."

"तेलानं पैलवान निसटते. बसा."

मी बसलो. दहा मिनिटं, नाही वाजत. वीस, नाही वाजत. तीस, नाही वाजत. शेवटच्या दहा मिनिटांत मी दात घट्ट मिटून भिंतीवरच्या फरश्या मोजत होतो. चाळीस झाल्यावर डॉक्टरांनी स्टॉपवॉच दाबलं, मला टॉवेल दिला आणि खाली स्वयंपाकघरात नेऊन चहाचा कप हातात ठेवला. कप तोंडाला लावला आणि माझे दात त्याच्या काठावर वाजायला लागले. शांत स्वयंपाकघरात तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता. वैशाली खाली बघत होती.

"थंडी वाजते?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"नापास."

मी खूप बोललो. ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी धंद्याच्या सवयीनं तडजोडीवर आलो. म्हटलं, "बरं, अजून दहा मिनिटं बसतो. मग तर द्याल?"

"हा भाजीबाजार नाही, कदम." त्या पहिल्यांदाच कठोर बोलल्या. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "मी तीस वर्षं लोकांना झोपवते. ऑपरेशनच्या टेबलावर माणूस उघडा पडते, गार पडते आणि सांगू शकत नाही. म्हणून मी पूर्ण वेळ त्याच्या अंगाला हात लावून बघते, गरम पांघरूण घालते. ते माझं काम. पण ज्याला वाचा आहे आणि तरी सांगत नाही, त्याचं मी काय करू? खाली तुम्हाला हात लावून बघायला मी नाही. तिथं तुमच्याजवळ ही राहील. तुम्ही खोटं बोलाल आणि भोगेल ही. म्हणून नाही देत."

वैशालीला त्यांनी स्वतःचा सूट दिला. पाच मिलीमीटर, निळ्या पट्ट्यांचा, तिला अगदी कातडीसारखा बसला. मला मात्र रिकाम्या हातानं पाठवलं. पुढे महिनाभर त्या फोनवर वैशालीला सांगायच्या, "न्हाणीघरात अजून ओवा आहे हो. मला भज्यांची आठवण येते."

अंदमानात मी माझा गॉलवेचा सूट घातला. पहिल्या दिवशी दोन बुड्या झाल्या आणि मला काहीही झालं नाही. वर येऊन मी वैशालीला म्हटलंसुद्धा, "सांग तुझ्या डॉक्टरांना." दुसऱ्या दिवशी होडीवर वारं होतं. ओल्या अंगानं तासभर बसलो, संध्याकाळी अंगात कसकस वाटली. डॉक्टरांनी वैशालीला हेही सांगून ठेवलं होतं की गमावलेली ऊब रात्रीतून पुरती भरून येत नाही, उबदार पाणी तिसऱ्या दिवशी धरतं. तिनं ते मला सांगितलं नाही. मी ऐकलं नसतं.

तिसऱ्या दिवशीची दुसरी बुडी ही शेवटची. आम्हाला घेऊन जाणाऱ्या प्रशिक्षकानं होडीवर सांगितलं होतं की प्रवाळांच्या टोकाशी एक खडक आहे, त्याच्याखाली कासव बसलेलं असतं, जवळजवळ रोज. वैशाली सकाळपासून बोलत नव्हती, इतकं तिचं लक्ष त्या कासवाकडे लागलं होतं. आम्ही खाली गेलो. अर्धा तास होत आला असेल, मला कापरं भरलं. जबडा आवरेना. श्वास भराभर जायला लागला, टाकीतल्या हवेचा काटा खाली येऊ लागला. पाण्याखाली थंडीची खूण सोपी असते. दोन्ही हात छातीवर दुमडायचे आणि दंड चोळायचे. लहान पोरालाही जमेल. प्रशिक्षकानं माझ्याकडे वळून अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ केलं: ठीक आहे का? मी वर्तुळ करून दाखवलं: ठीक.

पुढचा खडक दिसत होता. वैशाली माझ्या शेजारी होती. तिनं माझ्या मुखवट्याच्या काचेतून आत बघितलं, थोडा वेळ बघतच राहिली. मग तिनं खडकाकडे एकदा पाहिलं, दोन्ही हात छातीवर दुमडले आणि स्वतःचे दंड चोळायला लागली. प्रशिक्षकानं वर जायची खूण केली. बुडी संपली.

होडीवर त्यानं तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. तिनं तो काढून माझ्या अंगावर टाकला. तिचे हात गरम होते.

मी म्हटलं, "तुला पाच मिलीमीटरमध्ये थंडी वाजली?"

"वीस वर्षं वाजली तेव्हा बोलले नाही," ती म्हणाली. "आज बोलून टाकलं."

कॉर्कला परतल्यावर आम्ही सूट द्यायला गेलो. वैशालीनं तो गोड्या पाण्यात दोनदा धुऊन, उलटा करून, सावलीत वाळवला होता. डॉक्टरांनी विचारलं, "दिसलं का कासव?"

"नाही. मला थंडी वाजली, वर यावं लागलं."

डॉक्टरांनी सूटची बाही हातात घेतली, दोन बोटांत दाबली, सोडली. कापड लगेच पहिल्यासारखं झालं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आणि तुम्हाला, कदम?"

"ग्रँड," मी म्हणालो.

त्यांनी किटली उचलली. माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला, तो भरलेला असूनही. त्या दिवशी घरी आल्यावर मी खटक्यावरची चिकटपट्टी काढली. वैशालीनं बघितलं. चिकटपट्टीचा गोंद तिथं राहिला, तो अजून आहे.

मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर त्या पुढच्या वर्षी मला सूट देतील. पुढच्या वर्षी वैशाली त्यांच्याबरोबरच मालदीवला गेली आणि कासव बघून आली. परत आल्यावर दोघींनी स्वयंपाकघरात ते कासव मला हातवारे करून दाखवलं. साठीच्या डॉक्टर टेबलावर मान पुढे काढून डोळे मिचकावत होत्या. मी तेव्हाही विचारलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. आमच्यात एक न संपणारी घासाघीस चालू होती आणि दोघांपैकी कुणी आकडा उच्चारत नव्हतं.

दोन हजार तेरा साली त्या निवृत्त झाल्या आणि अकोल्याला परत निघाल्या. लोकांनी विचारलं, तिथं समुद्र कुठं आहे? त्या म्हणाल्या, "तिथं बहीण आहे. समुद्र पाहून झाला." जाण्याआधी सगळे सूट त्यांनी वैशालीच्या हवाली केले, बदकासकट. आता आमच्या घरी मागची खोली रबराच्या वासानं भरलेली असते, डिसेंबरात लोक टबात बसतात आणि वैशाली स्टुलावर बसून त्यांना 'ग्रँड' म्हणू देत नाही.

त्या सुटांच्या रांगेत शेवटी एक निघाला, जो मी त्यांच्याकडे कधी बघितला नव्हता. तीन मिलीमीटर, पूर्ण बाह्यांचा, जवळजवळ नवा. हँगरला कागद बांधलेला, त्यावर डॉक्टरांचं अक्षर: 'कदम. खरं बोलल्यावर.' माझं माप त्यांनी कधी घेतलं असं वैशालीला विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही टबातून उठलात तेव्हाच त्यांनी नजरेनं घेतलं. म्हणाल्या होत्या, बाकी अंगात काही नाही, ताठाच आहे." तो सूट अजून हँगरवर आहे. वैशाली म्हणते, टबात बसून सांगा आणि घ्या. मी म्हणतो, माझं डॉक्टरांना सांगून झालंय, तुला कशाला परत सांगू? ती म्हणते, ते धरत नाही.

माझ्या मते धरायला हवं. झालं ते असं.

त्यांना विमानतळावर सोडायला आम्ही दोघंच गेलो होतो. सामान तेच, एक सूटकेस. वैशाली त्यांच्या गळ्यात पडून रडली. मला त्या म्हणाल्या, "सांभाळा, कदम." मी म्हटलं, "हो हो." मग त्या तपासणीच्या रांगेत शिरल्या. बाहेर स्वच्छ ऊन होतं, आयर्लंडमध्ये वर्षातून चार-पाच वेळा पडतं तसलं, आणि मी शर्टाच्या बाह्या वर केलेल्या होत्या. तपासनिसानं त्यांना गळ्यातलं सगळं काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं. पलीकडे गेल्यावर त्यांनी आधी चष्मा घातला, मग स्टॉपवॉच. मग काचेच्या भिंतीपलीकडून वळून आम्हाला शोधलं.

आवाज पोहोचणार नव्हता. त्यांनी हात वर करून अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ केलं आणि भुवया उंचावल्या. ठीक आहे का? त्या वैशालीला विचारत नव्हत्या.

मी हात वर केला. बोटं आपोआप वर्तुळाकडे गेली. मग मी ती सोडवली, दोन्ही हात छातीवर दुमडले आणि भर उन्हात, लोकांसमोर, दंड चोळले.

त्या बघत राहिल्या. माणसं त्यांच्या बाजूनं वाट काढून पुढे जात होती. मग त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच उचललं, मला दिसेल असं धरलं, अंगठ्यानं दाबून बंद केलं आणि सूटकेस ओढत वळून गेल्या.